वृद्ध कुत्र्याचा संधिवात

घरांतील वडील माणसाचे गुडघे दुखूं लागले म्हणजे तें माणूस बोलून दाखवितें, शेक घेतें, डॉक्टराकडे जातें. कुत्र्याच्या बाबतींत असें घडत नाहीं. सांध्यांचें जुनें दुखणें असलेलें कुत्रें बहुधा विव्हळत नाहीं. तें केवळ आपली हालचाल आवरतें घेतें. पूर्वीं दाराची घंटा वाजतांच धांवत येणारें कुत्रें जागेवरूनच शेपटी हालवितें; जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीं थबकतें; सकाळीं उठतांना त्याचे मागील पाय ताठलेले असतात व दहा-वीस पावलें चालल्यावर ते मोकळे होतात. एखादा सांधा तें वारंवार चाटीत बसतें, मांडीचे स्नायु उतरतात, कमरेला हात लावतांच तें गुरगुरतें. घरचीं माणसें म्हणतात, "आतां वय झालें." वय झालें हें खरें, परंतु वय हा रोग नव्हे, आणि यांतील पुष्कळशा गोष्टी वेदनेमुळें होत असतात. त्या वेदनेवर उपाय आहेत. ते कोणते, एकाहून अधिक औषधें कां द्यावीं लागतात, आणि कोणतीं औषधें कधींही एकत्र देऊं नयेत, हें कुत्रें पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असणें अवश्य आहे.

प्रथम सांध्यांत काय बिघडतें तें पाहूं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आच्छादन असतें व सांध्याच्या पिशवींत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा झिजली म्हणजे सांध्याच्या अस्तराला सूज येते, हाडांच्या कडांना टोकें फुटतात व सांधा आखडतो. ही झीज केवळ म्हातारपणानें येते असें नाहीं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या कांहीं कुत्र्यांत खुब्याचा सांधा वाढीच्या वयांतच नीट बसलेला नसतो. कांहींच्या गुडघ्यांतील बंध तुटलेला असतो. अशा सदोष सांध्यावर वर्षानुवर्षें भार पडून उतारवयांत दुखणें बळावतें.

या वेदनेची वाट तीन टप्प्यांची आहे. सुजलेल्या सांध्यांत ती उत्पन्न होते. मज्जातंतूंवाटे तिचा संदेश मज्जारज्जूकडे जातो. आणि तेथून तो मेंदूस पोंचतो. असे संदेश महिनोन्महिने जात राहिले म्हणजे मज्जारज्जूंतील पेशी अतिशय हळव्या होतात. मग जें पूर्वीं थोडें दुखत असे तें फार दुखूं लागतें, साधा स्पर्शही सोसत नाहीं. केवळ सांध्याची सूज उतरवून अशा कुत्र्याला पुरता आराम कां पडत नाहीं, याचें उत्तर येथें आहे.

उपचाराचा पाया म्हणजे स्टिरॉइड नसलेलीं दाहशामक औषधें. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब हीं त्यांपैकीं कुत्र्यांस नेहमीं दिलीं जाणारीं होत. दाह झालेल्या जागीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात व त्यांच्यामुळें सूज आणि ठणका वाढतो. ॲस्पिरिन हीं द्रव्यें तयार होऊं देत नाहीं, हें इंग्लंडांत जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें, व त्या कार्याबद्दल १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा त्यांस मिळाला. वरील औषधेंही याच मार्गानें काम करितात. परंतु याच द्रव्यांमुळें जठराच्या अस्तराचें रक्षण होतें व मूत्रपिंडांना रक्ताचा पुरवठा नीट राहतो. म्हणून औषधाची मात्रा वाढवीत गेलें तर आराम फारसा वाढत नाहीं, अपाय मात्र वाढतो: उलट्या, डांबरासारखी काळी विष्ठा, जठरांतील व्रण, मूत्रपिंडांचा किंवा यकृताचा बिघाड.

यावर तोड अशी कीं, एकाच औषधाची मात्रा ताणण्याऐवजीं वेदनेच्या निराळ्या टप्प्यावर काम करणारें दुसरें औषध त्याला जोडावें. अमँटाडीन हें मूळचें मनुष्याच्या इन्फ्लुएंझावरील औषध; तें मज्जारज्जूंतील पेशींचा वाढलेला हळवेपणा कमी करितें. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाचे लॅसेल्स व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं ३१ घरगुती कुत्रीं अशीं निवडलीं कीं, ज्यांचें दुखणें नुसत्या दाहशामकानें आटोक्यांत येत नव्हतें. सर्वांचें मेलॉक्सिकॅम चालू ठेवून कांहींस अमँटाडीन व उरलेल्यांस औषध नसलेली गोळी २१ दिवस दिली. ज्यांस अमँटाडीनची जोड मिळाली, त्यांची हालचाल अधिक सुधारली. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हा गुण एका दिवसांत दिसत नाहीं. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

दुसरी जोड गॅबापेंटिनची. मज्जातंतूंच्या चेतनेला तें आवर घालतें. प्रारंभीं त्यानें गुंगी येते व पाय लटपटतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवितात आणि तें बंद करितांनाही हळूहळूच उतरवितात. मनुष्यासाठीं मिळणाऱ्या त्याच्या कांहीं पातळ औषधांत झायलिटॉल नांवाची गोडी घातलेली असते व ती कुत्र्यास विषारी आहे. म्हणून बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय तें देऊं नये. ट्रॅमाडॉल हें औषध एके काळीं सर्रास दिलें जाई. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ४० संधिवाती कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याचा उपयोग दिसून आला नाहीं. मनुष्याच्या देहांत त्यापासून जें वेदनाशामक द्रव्य बनतें, तें कुत्र्याच्या देहांत फारच थोडें बनतें. अलीकडे महिन्यांतून एकदां टोंचावयाचें बेडिनव्हेटमॅब हें औषधही निघालें आहे. युरोपांत त्याला २०२० सालीं व अमेरिकेंत २०२३ सालीं मान्यता मिळाली; मात्र डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें तोल जाणें, झटके येणें अशा तक्रारींविषयीं पशुवैद्यांस सावध केलें.

औषधांची जोड हितकर असते, तशीच ती घातकही होऊं शकते. दोन दाहशामकें एकत्र कधींही देऊं नयेत. दाहशामकाबरोबर प्रेडनिसोलोनसारखें स्टिरॉइड देऊं नये. त्यानें जठरास भोंक पडण्याचा धोका असतो. एका दाहशामकावरून दुसऱ्यावर जातांना मध्यें कांहीं दिवसांचें अंतर ठेवावें लागतें. हृदयविकारासाठीं लघवी वाढविणारें औषध चालू असेल तर मूत्रपिंडांवरील ताण वाढतो. म्हणून त्वचेच्या खाजेसाठीं कीं हृदयासाठीं, कोणतेंही औषध चालू असल्यास तें पशुवैद्यास आठवणीनें सांगितलें पाहिजे.

सर्वांत मोठा धोका घरच्या औषधांच्या डब्यांतून येतो. एका प्राण्याचें औषध तें दुसऱ्याचें विष ठरतें, याचा दाखला आपल्याच देशांत मिळाला आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळें त्यांच्या मृतदेहांवर जगणारीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, आणि २००६ सालीं भारतांत जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन व डायक्लोफेनॅक हीं मनुष्याचीं औषधें कुत्र्यासही घातक आहेत. औषध तेंच असलें तरी मात्रा निराळी असते. मेलॉक्सिकॅमची कुत्र्यासाठीं नेहमींची मात्रा पहिल्या दिवशीं दर किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम व पुढें रोज ०.१ मिलिग्रॅम आहे. पांच किलोच्या पॉमेरेनियनला रोज अर्धा मिलिग्रॅम पुरतें. मनुष्याची गोळी १५ मिलिग्रॅमचीही असते. म्हणजे प्रेमानें भरविलेल्या त्या एका गोळींत तीस दिवसांचें औषध जातें.

औषधांना घरच्या व्यवस्थेची साथ हवी. वजन उतरविणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडींतील एकास जन्मभर २५ टक्के कमी अन्न दिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें कमी खाणारीं कुत्रीं मध्यमानानें १.८ वर्षें अधिक जगलीं, व त्यांचा संधिवातही उशिरा उपचारास आला. तेव्हां पोळीचा तुकडा व बिस्किट हीं माया दाखविण्याचीं साधनें आवरावींत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. तेथें सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी. नखें कापावींत, निजावयास जाड गादी द्यावी. एका दिवशीं लांबवर फिरवून दोन दिवस विश्रांति देण्यापेक्षां रोज थोडें थोडें, दोन-तीन वेळां फिरविणें चांगलें.

दाहशामक सुरू करण्यापूर्वीं रक्ताची तपासणी करून घ्यावी व नंतरही ठराविक काळानें ती करीत जावी. गोळी अन्नाबरोबर द्यावी. कुत्र्यानें खाणें सोडलें, उलटी झाली किंवा विष्ठा काळी दिसली तर पुढची गोळी थांबवून पशुवैद्यास विचारावें. घरांत एक वही ठेवून तींत रोज दोन ओळी लिहाव्यात: उठावयास किती वेळ लागला, जिना चढलें कीं नाहीं, रात्रीं स्वस्थ झोंपलें कीं नाहीं. कोणत्या औषधानें गुण आला हें स्मरणापेक्षां ही वही अधिक खरें सांगते.

झिजलेली कूर्चा कोणत्याही गोळीनें पूर्ववत् होत नाहीं. औषधांनीं साधावयाचें तें एवढेंच कीं, कुत्र्याला दुखण्यावांचून उठतां यावें, अंगणापर्यंत जातां यावें आणि घरच्या माणसांजवळ येऊन बसतां यावें. पुष्कळ कुत्र्यांस हें पुढें बराच काळ साधतें. ज्या दिवशीं सर्व उपाय करूनही तें साधत नाहीं, त्या दिवशीं पशुवैद्याकडून शांतपणें अखेर करवून घेण्याचा कठीण निर्णय करावा लागतो. त्या वेळींही हीच वही उपयोगीं पडते. कारण चांगले दिवस अधिक कीं वाईट, हें तींत लिहिलेलें असतें, आणि निर्णय स्वतःच्या जिवाला वाटणाऱ्या दुःखावरून न होतां कुत्र्याच्या दुःखावरून होतो.