परदेशी प्रवासी आणि तद्देशीय कायद्याचे अज्ञान

परक्या देशात प्रवेश करणाऱ्यास तेथील कायदा बंधनकारक असतो. तो त्यास ठाऊक असो वा नसो. या नियमाची धार किती तीक्ष्ण असू शकते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडलेले आहे.

‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज’ या खटल्यातील आरोपी जर्मन नागरिक होता. झुरिकहून मनिलाकडे जाणारे त्याचे विमान २८ नोव्हेंबर १९६२ रोजी सकाळी सांताक्रूझ येथे थांबले. तो खाली उतरलाही नाही. तथापि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना त्याच्या जाकिटात दडविलेले ३४ किलो सोने सापडले. भारतामार्गे केवळ पुढे जाणाऱ्या सोन्यास १९४८ पासून सर्वसाधारण परवानगी होती. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नव्या अधिसूचनेने ते विमानाच्या मालपत्रकात नोंदविण्याची अट घातली. ही अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली ती २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी!

उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने तो निर्णय फिरविला. राजपत्रात रीतसर प्रसिद्धी झाली की पुरे. परदेशस्थांपर्यंत ती पोहोचविण्याचे दायित्व शासनावर नाही, असे ठरले. न्या. सुब्बा राव यांचे मत भिन्न होते: दोषी मनोवृत्तीवाचून अपराध मानू नये. शिक्षा मात्र भोगून झालेल्या कारावासापुरतीच ठेवण्यात आली. सोने जाकिटात दडविणाऱ्याविषयी फारशी सहानुभूती वाटणार नाही, हे खरे. पण निरागस प्रवाशासही नियम हाच.

दुबईस दिवाळीचे अनारसे नेणारा प्रवासी हा असाच निरागस. खसखस हे अफूच्या बोंडातील बी होय. चीक असतो तो बोंडाच्या सालीत. काढणीच्या वेळी त्याचे अंश बियांस लागतात. अमली द्रव्यांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने व भारताच्या १९८५ च्या कायद्याने पोस्ताच्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस निषिद्ध आहे. कराराहून कडक निर्बंध घालण्यास कोणतेही राष्ट्र मोकळे असते.

अटक झालेल्या परदेशीयास १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमान्वये आपल्या वाणिज्यदूतास कळविण्याची मागणी करता येते. वाणिज्यदूत त्यास भेटू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. सुटका करणे त्याच्या अधिकारात नसते.