फाइल १७ वर अडली

हरसूलच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींची खालची दाढ रूट कॅनाल होऊनही पुन्हा सुजली. "नस तर काढली, मग ठणका कशाचा?" त्यांचा हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून नाशिकला दंतवैद्याकडे त्यांच्यासोबत मीही गेले.

भूल दिली, रबर डॅम म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा लावला, जुनं भरण काढलं. मग डॉक्टरांनी मुळातली नळी घासायची दहा नंबरची फाइल आत सोडली. हिचं टोक जेमतेम ०.१० मिलिमीटर जाड. एक्स-रेच्या हिशेबाने ती २० मिलिमीटरपर्यंत जायला हवी होती, पण १७ वर अडली. "लेज आहे," डॉक्टर म्हणाल्या. आधीच्या वेळी कुणीतरी वाकड्या नळीत ताठ, जाड फाइल रेटली होती. तिने वळण सोडलं आणि बाहेरच्या भिंतीत पायरी कोरली. खरी वाट बाजूलाच राहिली.

तीन मिलिमीटरांनी असं काय बिघडतं? तर फाइल जंतू मारत नाही. ते काम सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचं. फाइलने त्याला शेवटपर्यंत वाट करून द्यायची असते. डॉक्टरांनी एक आकडा सांगितला: ३५ टक्के. ओव्हे पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनने दाखवलं, की तपासलेल्या कुठल्याही पद्धतीने घासलं तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलला लागतच नाही. म्हणजे तेवढ्या भागाची सगळी भिस्त द्रावणावर. आणि साध्या सुईतून सोडलेलं द्रावण सुईच्या टोकापुढे फार तर एक-दोन मिलिमीटर नीट फिरतं. पायरीपाशी सुई थांबली, भुगा दाबून बसला, की पुढचा भाग कोरडाच. नळीच्या बारीक फांद्या बहुतेक त्या शेवटच्या तीन मिलिमीटरांतच असतात. जंतूंना आयतं घर मिळतं. उलट मुळाचं टोक फाडलं किंवा भिंतीला भोक पडलं, तर तेच द्रावण हाडात उतरून भयंकर वेदना आणि सूज आणतं.

डॉक्टरांनी चिमट्याने फाइलचं टोक किंचित वाकवलं. फाइलवरच्या रबरी स्टॉपरची खूण वाकाच्या दिशेला फिरवली. आतल्या भिंतीला धरून, जोर न लावता, मनगटी घड्याळाला चावी द्यावी तशी फाइल मागेपुढे हलवत राहिल्या. अडली की बाहेर, द्रावण, पुन्हा आत. खोलीभर क्लोरिनचा वास. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाइली १९८८ पासून माहीत आहेत, यंत्रावर झरझर चालतात. पण चुकलेली वाट शोधायला ही हाताची बारीक फाइलच लागते. बऱ्याच वेळाने ती २० वर गेली. "मावशी, सापडली वाट," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा द्रावण सोडू लागल्या.

मावशींचा बाजाराचा दिवस बुडाला, गाडीभाडं दुसऱ्यांदा गेलं. आधी कुणीतरी केलेल्या घाईची किंमत त्यांनी मोजली. ज्या भिंतीचा ३५ टक्के भाग फाइलला लागतच नाही, तिथे वेग हा कौशल्याचा पुरावा नव्हे. तेव्हा डॉक्टर बारीक फाइल घेऊन रेंगाळताना दिसले, पुन्हा एक्स-रे काढू म्हणाले, तर कुरकुर करू नका. आणि "एका बैठकीत, दहा मिनिटांत" असं कुणी सांगितलं, तर फाइल शेवटपर्यंत गेली का, हे जरूर विचारा.