डावखुऱ्या हाताचा चाकू

घडीचा चाकू कुणाला भेट द्यायचा म्हटला की दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. घरात सांगतात, धारेची वस्तू देऊ नये, संबंध तुटतो. दुकानात सांगतात, "हा घ्या साहेब, एकात अकरा वस्तू." घरच्या आक्षेपावर तोडगा आहे. कात्री आपण हातोहात देत नाहीच. खाली ठेवतो, दुसऱ्याने ती उचलायची. युरोपातही हीच भीती असते. तिथे घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं टेकवतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. अकरा वस्तूंचं काय करायचं ते कळत नाही. ज्याच्यासाठी चाकू घ्यायचा त्याचं काम त्या अकरांत नसतंच, आणि हे दुकानदाराला पटत नाही.

माझा पुतण्या निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. फेब्रुवारीत त्याने नव्या प्लॉटमध्ये डॉगरिजची रोपं लावली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांवर थॉमसन द्राक्षाच्या काडीचं कलम करायचं होतं. नाशिकच्या द्राक्षशेतीचा मुळारंभ सांगताना १९२५ साल आणि ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांचं नाव घेतात. त्या काळात आणि पुढेही कित्येक वर्षं वेल आपल्याच मुळांवर वाढत होता. पुढे जमिनी खारवल्या, विहिरी आटू लागल्या, तेव्हा क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारं मूळ हवं झालं. डॉगरिज हा मूळचा टेक्सासकडचा वेल. द्राक्षासाठी त्याला कुणी विचारत नाही, सगळे त्याच्या मुळांसाठी लावतात. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं, आणि मध्ये चाकूचा एक काप. बागेची पुढची दहा-पंधरा वर्षं त्या कापावर उभी राहतात.

कलमं करायला टोळ्या येतात, त्यांचा हिशेब नगावर चालतो. पुतण्याला ते काम स्वतःला यायला हवं होतं. निदान नांग्या पडतील तेवढ्या तरी आपल्या हाताने भरता याव्यात. हातात होतं ते दाढीचं अर्धं ब्लेड. अनेक जण ब्लेडच वापरतात, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. धार पहिल्या दर्जाची आणि गेली की टाकून द्या. पण पातं वाकतं. पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या काडीत ते शिरलं की लाकडाच्या गाठीपाशी बिचकतं आणि काप लाटेसारखा उठतो. शिवाय बोटं. त्याच्या तर्जनीवरच्या पट्ट्या बघून त्याच्या आईने मला फोन केला होता, चाकूचा विषय तिथून निघाला.

कुठला चाकू हवा हे ठरवायला दुकानात जाण्याआधी मी बागेत जाऊन बसलो. टोळीतला एक जाणता माणूस काम करत होता. डॉगरिजची फूट जमिनीपासून हात-सव्वा हातावर सिकेटरने आडवी छाटली. छाटलेल्या टोकावर चाकूचं पातं ठेवून मधोमध दोन बोटं खोल चीर दिली. मग बुरशीनाशकात बुडवून ठेवलेली, दोन डोळ्यांची थॉमसनची काडी उचलली. तिचं खालचं टोक त्याने दोन ओढींत तासलं. एक ओढ या अंगाला, एक त्या अंगाला, की झाली पाचर. मध्ये थांबणं नाही, परत फिरवून गुळगुळीत करणं नाही. पाचर चिरेत बसवली, सालीला साल जुळतेय का ते अंगठ्याने चाचपलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत नेलं. सगळं मिळून मला नीट पाहायलाही वेळ मिळाला नाही. दुसरं कलम हळू करून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "हळू केलं की बिघडतं. हळू काय दाखवू?"

त्यातलं खरं काम त्या दोन ओढींचं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक हिरवा, ओलसर पापुद्रा असतो. वाढ होते ती तिथे. खालच्या फुटीचा पापुद्रा आणि वरच्या काडीचा पापुद्रा एकमेकांना चिकटून राहिले तरच सांधा भरतो. मध्ये वाऱ्याला जागा राहिली की काप सुकला. म्हणून तासलेलं अंग सपाट हवं, पोटाशी खोलगट नको. त्याने तासलेल्या दोन काड्यांची सपाट अंगं एकमेकांवर ठेवून मी उजेडाकडे धरली. फट दिसली नाही. पुतण्याच्या ब्लेडने तासलेल्या काड्या तशाच धरल्या तर मधून आभाळ दिसत होतं.

त्या माणसाचा चाकू मी मागून घेतला. लाकडी मूठ, काळवंडलेलं सरळ पातं, लांबी मूठभर नाही. पातं आडवं धरून पाहिलं तेव्हा मर्म कळलं: धारेचा उतार एकाच अंगाला आहे. दुसरं अंग काचेसारखं सपाट. घरातल्या भाजीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे काडी तासताना तो बाहेर निसटायला पाहतो आणि काप वाटीसारखा होतो. एकतर्फी धारेचं सपाट अंग काडीला टेकून सरळ चालतं, सुताराच्या पटाशीसारखं. गुलाबाचा डोळा भरायचा चाकू आणखी वेगळा. त्याला साल उचलायला मागे पितळेची नाहीतर हाडाची जीभ असते. एके काळी गुलशनाबाद म्हणवलेल्या नाशकात तो चाकू अजून रोपवाटिकांत दिसतो, पण पुतण्याच्या कामाचा नाही.

आणि इथेच अडचण उभी राहिली. एकतर्फी धार म्हणजे ती उजव्या हाताची किंवा डाव्या हाताची. पुतण्या डावखुरा आहे. उजव्याचा चाकू त्याच्या हातात गेला की सपाट अंग वर आणि उतार काडीकडे. बिचाऱ्याला वर्षभर सगळे सांगत होते, तुझा हात बसत नाही.

नाशकात रविवार कारंजापासून भांडी बाजारापर्यंत आणि तिथून मेन रोडला मी चाकू पाहत हिंडलो. डाव्या हाताचा म्हटल्यावर दुकानदार हसले. एकाने "चाकूला कसला आलाय डावा-उजवा" म्हणून अकरा वस्तूंचा पुन्हा पुढे केला. त्या जातीच्या चाकूंचा मला राग नाही. स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला. त्यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि गंज न धरणाऱ्या पोलादाचं नाव इनॉक्स, यांची सांधणी १९२१ मध्ये होऊन व्हिक्टोरिनॉक्स झालं. शहरातल्या भाच्याला, ट्रेकला जाणाऱ्याला ती भेट उत्तमच. पण मुठीत जितकी पाती जास्त तितकी मूठ जाड आणि चौकोनी. सकाळभर काड्या तासणाऱ्याच्या तळव्याला त्या न उघडलेल्या दहा वस्तू टोचत राहतात.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लोहारांचे विळे-कोयते मांडलेले असतात. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, धार अशी की बघत राहावं. घडीचा चाकू त्यांत नव्हता, आणि असायचं कारणही नाही. घडीच्या चाकूत लोहारकाम निम्मंच. बाकी निम्मं कुलूप करणाऱ्याचं. पातं एका खिळ्यावर फिरतं, पाठीमागची कमान त्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते, आणि हे सगळं दोन पट्ट्यांमध्ये कसं बसवलंय त्यावर चाकूची जात ठरते. लोक दुकानात अंगठ्याने धार बघतात. धार काय, कुणीही लावून देईल. बघावा तो सांधा. पातं पूर्ण उघडून टोकाला धरायचं आणि डावी-उजवीकडे हलकेच ढकलायचं. लटपटलं तर खाली ठेवायचं. मिटताना पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधून जातं का, की एका अंगाला घासतं? अर्ध्यावर सोडलं तर तिथे थांबतं की बोटावर येतं? मिटल्यावर धार आत कशावर आपटत तर नाही? आपटत असेल तर रोज खिशात ठेवताना तुम्हीच तिला बोथट करणार. कमानीचा टक् असा आवाज घट्ट हवा. आणि नखाने उघडायची खाच ओल्या हाताने उघडेल इतकी खोल हवी. हे सगळं पाहायला मी काउंटरवर इतका वेळ घेतला की एका दुकानात चहा विचारला आणि दुसऱ्यात "घेणार आहात ना?" असं विचारलं.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल मनात भरला होता. १८९० पासूनचा साधा घाट, एक पातं, आणि १९५५ मध्ये आलेलं फिरतं कडं; ते फिरवलं की उघडं पातं मिटत नाही. पण त्याची बीचच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आत आवळून बसतं. आमची कलमं ऐन पावसाच्या झडीत. तो बेत सोडला.

पोलादाचा प्रश्न द्राक्षवाल्यांकडे जरा निराळा येतो. साधं कार्बन पोलाद झटकन लागतं, धार बारीक घेतं, पण गंजतं. आणि बागेत मोरचूद असतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण जमलंय का हे पाहायला शेतकरी विळ्याचं किंवा चाकूचं पातं त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी घाला. ही परीक्षा लोखंडावरच होते. स्टेनलेसवर तांबं सहसा चढत नाही, तो चाकू बिघडलेल्या मिश्रणालाही पास करून टाकील. तरी मी स्टेनलेस घ्यायचं ठरवलं. परीक्षेला विळा आहे. पावसात खिशात राहणाऱ्या चाकूला गंज परवडत नाही. फार कडक पोलादाच्या मागेही लागलो नाही. ५६ रॉकवेलच्या आसपासचं पातं बांधावर बसून लावता येतं. त्याहून बरंच कडक असलं की धार टिकते खूप, पण गेली की शेतात परत येत नाही.

डाव्या हाताचा तयार कलम-चाकू जर्मनीत मिळतो. रॉयटलिंगेनच्या टीना कंपनीचे असे चाकू रोपवाटिकावाल्यांत नावाजलेले आहेत. मागवता आला असता. किंमत पाहिली आणि पुतण्याचं घर डोळ्यांपुढे आलं. एवढा महाग चाकू त्याची आई कपाटात ठेवणार, पाहुण्यांना काढून दाखवणार आणि तो पुन्हा ब्लेड घेणार. भेटीची किंमत घेणाऱ्याला ती मातीत पडल्यावर हळहळ वाटणार नाही इतकीच असावी, असं माझं मत आहे. लग्नाच्या अहेराला ते लागू नाही.

शेवटी सरळ पात्याचा, दोन्ही अंगांना अगदी अरुंद उतार असलेला, सांधा पक्का असा साधा चाकू घेतला आणि अंबडला गेलो. औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर टूल ग्राइंडिंग केलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर स्वतःचं छोटं शेड चालवतात. त्यांना दोन्ही काड्या दाखवल्या, सपाट आणि लाटेची. चाकूला डावा-उजवा असतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. "म्हणजे एक अंग फ्लॅट पाहिजे. कोणतं?" एवढंच विचारलं. मग कूलंटच्या धारेखाली, चाकाला पातं टेकवायचं आणि लगेच उचलायचं असं चाललं. मध्येच पातं उजेडात धरून रंग बघत. पातं पिवळसर दिसलं तर थांबायचं, निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. मग धार लावत बसा आयुष्यभर. एका अंगाचा उतार पुरता नाहीसा होईपर्यंत धार मागे नेली, पात्याची रुंदी थोडी गेली. शेवटचं काम चाकावर केलंच नाही. निसण्यावर तेल टाकून उताराचं अंग घासलं, सपाट अंगावर आलेली बर पातं पालथं निजवून एका ओढीत काढली आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सपाट बाजू कधीच तिरपी लावायची नाही. त्याला सांगा. नाहीतर माझी मेहनत गेली." निसणा त्यांच्याकडूनच विकत घेतला. निसण्याशिवाय चाकू देणं म्हणजे काम अर्ध्यावर सोडून येणं.

कायद्याची चौकशीही करून ठेवावी. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. कलमाचा चाकू यात कुठेच बसत नाही. पण शहरात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर लागू होतात, तेव्हा मिरवणुकीला जाताना खिसा रिकामा बरा. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि बटण दाबून उघडणारा चाकू भेट म्हणून कुणाला देऊच नये. त्याचं कौतुक हिंदी सिनेमात होऊन गेलं.

खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत द्यावा असं मनात होतं, पण काडी तोवर थांबत नाही. पोळ्यालाच दिला. वहिनींनी पाट मांडला, मी चाकू पाटावर ठेवला, त्याने उचलला आणि एक रुपया माझ्या हातावर ठेवला. पहिल्या काही काड्या वाया गेल्या. ब्लेडच्या सवयीने तो मनगट वळवत होता. मनगट सरळ ठेवून कोपर मागे ओढायला लागल्यावर काप सपाट यायला लागला. संध्याकाळी टोळीच्या मुकादमाने चाकू पाहायला मागितला, एक काडी तासली, काप वाटीसारखा आला. दुसरी तासली, तीही तशीच. "उलटा चालतो हा," म्हणून त्याने परत दिला.

बागेत हत्यार उसनं गेलं की परत येत नाही. त्या हंगामात पुतण्याचे दोन सिकेटर असेच गेले. चाकू अजून त्याच्याच खिशात आहे, कुणी मागतच नाही.