आढ्याचे पाणी वळचणीला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. पण जुन्या घराला एखादी खोली जोडणे हे कधीकधी नवे घर बांधण्याहून अवघड असते, हे त्या म्हणीत कोठे सांगितलेले नाही. भिंती काय, गवंडी आठ दिवसांत उभ्या करतो. खरा कस लागतो तो छपराला. २०२३ च्या मे महिन्यात दापोली तालुक्यातील आमच्या घराला १२ फूट रुंद व १५ फूट लांब अशी खोली जोडली, तेव्हा पहिल्या वाशापासून शेवटच्या कौलापर्यंत मी सुतारकाकांच्या हाताखाली होतो. त्या कामातून जे उमगले ते येथे मांडतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सुतारकामावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण ज्या छपराखाली आपण लहानाचे मोठे झालो ते कशाच्या आधाराने उभे आहे, हे ठाऊक असणे काही वाईट नाही.

खोली हवी होती ती आजीसाठी. आजी पडवीत निजते. पावसाळ्यात पडवीत झड येते आणि तिचा दमा उसळतो. म्हणून दरवर्षी चार महिने तिला मुंबईला काकांकडे धाडावे लागे आणि तेथे तिचा जीव रमत नसे. पाऊस लागण्यापूर्वी कोरडी खोली झाली तर आजी घरी, नाही तर पुन्हा मुंबई, असा सरळ हिशेब होता.

पहिला प्रश्न पडला तो छप्पर कशाचे करावे हा. बाबांच्या मनात स्लॅब होता. पण पाच इंची स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरतो. कौलारू छप्पर लाकडासकट त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही हलके. आमच्या जुन्या जांभ्याच्या भिंतीला लागून एवढे ओझे उभे करायचे म्हणजे पाया, खांब, सारेच वाढले. पत्रा स्वस्त खरा. पण एप्रिल-मे महिन्यांत त्याखाली भट्टी पेटते आणि आषाढात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. शेवटी मंगलोरी कौलांवर एकमत झाले.

ही कौले आज आपल्याला अस्सल कोकणी वाटतात, पण ती मूळची येथली नव्हेत. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत. ती नुसती एकावर एक रचलेली. मांजर धावले तरी सरकायची. म्हणून दरवर्षी पावसापूर्वी घर शाकारावे लागे. मंगलोरी कौलाच्या कडेला खाचा असतात, त्या शेजारच्या कौलात गुंततात आणि मागचे बोंड रिपेला अडकते. वरच्या कौलाने पाणी खालच्याला द्यायचे, खालच्याने त्याच्या खालच्याला. 'आढ्याचे पाणी वळचणीला' ही आपली म्हण म्हणजे या साऱ्या शास्त्राचे सूत्रच होय.

आता उतार. जुनेच पाखे पुढे ओढून खोलीवर आणावे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही वाटले होते. सुतारकाकांनी जमिनीवर काठीने आकृती काढली आणि म्हणाले, "भाऊ, आजीला रांगत आत जावं लागेल!" हिशेब असा : कोकणातल्या पावसाला ३० अंशांच्या आसपास उतार हवा. त्या उताराने छप्पर एक फूट पुढे गेले की सुमारे ७ इंच खाली येते. १२ फूट पुढे न्यायचे तर ७ फूट खाली आले. आमची वळचण होती साडेसात फुटांवर! उतार कमी करावा तर वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे चढते. म्हणून नव्या खोलीला स्वतःचे आढे आणि दोन पाखी द्यायची, आणि ते आढे जुन्या आढ्याशी काटकोनात ठेवून जुन्या पाख्यात शिरवायचे, असे ठरले. १२ फुटांच्या निम्मे ६ फूट. म्हणून आढे भिंतीच्या माथ्यापासून साडेतीन फूट उंच. दोन फुटांची वळचण धरून प्रत्येक वासा सव्वानऊ फुटांचा. दर चौरस मीटरला १५ या हिशेबाने, जुन्या छपरावर चढणारा भाग आणि फुटतूट धरून सव्वापाचशे कौले लागली. कौल घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर पक्के भाजलेले, बद्द वाजले तर चीर गेलेली किंवा कच्चे.

वाऱ्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली-मंडणगडाकडेही घरेच्या घरे उघडी पडली. छप्पर वाऱ्याच्या दाबाने मोडते असा आपला समज असतो. वास्तविक ते बहुधा उचलले जाते. वारा छपरावरून वेगाने जाताना वरचा दाब घटतो; त्यात एखादे दार-खिडकी उघडी पडली की आत शिरलेली हवा खालून रेटते. पत्रा एकसंध असल्यामुळे सबंध उडतो. कौलांच्या फटींतून थोडी हवा सुटते, म्हणून बहुधा कडेची आणि आढ्याजवळची कौले आधी जातात. यावर उपाय सोपा आहे. भिंतीच्या माथ्यावरची तुळई बोल्टांनी भिंतीत खोल जखडावी, वासे तिला लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत आणि वळचणीच्या व कडेच्या ओळींतील कौले मागच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधावीत. हा खर्च फारसा नाही, पण तो वाचवणारेच अधिक.

रिपांमधले अंतर पुस्तकातून घेऊ नये. दहा कौले जमिनीवर एकात एक गुंतवून मापावीत. आमच्या कौलांना ते साडेबारा इंच आले. वळचणीची पहिली रीप कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवायची, नाही तर पहिलीच ओळ नाक खाली घालते. कौले खालून वर लावायची आणि दोन्ही पाख्यांवर बरोबरीने. एकच बाजू भरली तर तेरा क्विंटलांच्या निम्मे ओझे एका अंगावर येऊन आढे कलते. मध्ये दोन काचेची कौले बसवली. आजीला दिवसा दिवा लागू नये म्हणून.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे नवे पाखे जुन्याला भेटते तो सांधा. तेथे दोन छपरांचे पाणी एकत्र येते. त्यासाठी जुन्या घराची कौले चार दिवस उतरवावी लागली. खाली भाताची कणगी आणि वर उघडे आभाळ! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. ताडपत्री धरून आम्ही दोन तास उभे होतो. त्या सांध्यात जाड पत्र्याची पन्हळ घातली. तिच्या दोन्ही कडा कौलांखाली निदान सहा इंच जाव्यात, कडेला उभी दुमड असावी आणि तळाशी चुना-सिमेंट भरू नये. तेथे पाण्याला वाट हवी, अडसर नको. आंब्या-फणसाचा पाला पावसापूर्वी काढावा. गळणारी बहुतेक कौलारू घरे कौलांतून गळत नाहीत, ती अशा सांध्यांतून गळतात.

सुतारकाकांचे वय आता सत्तरीच्या घरात आहे. त्यांची दोन्ही मुले ठाण्याला नोकरी करतात. तालुक्यात कौले अजून मिळतात, जुन्या घरांची उतरवलेलीही मिळतात. पण जमिनीवर काठीने चार रेघा ओढून छपराचा उतार सांगणारा माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. हे ज्ञान कोठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. वरचे कौल खालच्याला पाणी देते तसेच. मधले एक कौल निसटले की धार आत येते. आपल्यापैकी ज्यांच्या गावी असा एखादा कारागीर असेल, त्यांनी येत्या सुटीत वही घेऊन त्याच्याजवळ बसावे, एवढीच विनंती.

आजी त्या वर्षी मुंबईला गेली नाही.