आग्या मोहोळाचा जमाखर्च

लोहगड-विसापूरच्या कड्यांवर, पुढे आलेल्या कातळाखाली आग्या माश्यांची काळसर पोळी लटकलेली दिसतात. सातेरी माशी ढोलीत, कपारीत घर करते. आग्या माशीचे पोळे मात्र एकच, उघड्यावर, कधी मीटरभर रुंद. थंडीत मावळात रात्रीचा पारा 10-12 अंशांवर येतो, आणि पोळ्यातल्या अळ्यांना तर तिशीच्या वरची ऊब लागते. ना भिंत, ना दार. ही ऊब येते कुठून?

माश्यांच्या अंगातून. पंख न हलवता त्या उडण्याचे स्नायू थरथरवतात. त्यात मध खर्ची पडतो आणि उष्णता तयार होते. एकट्या माशीची उष्णता इवल्याशा अंगातून लगेच निघून जाते. म्हणून माश्या एकमेकींना धरून, कौलांसारख्या एकीवर एक, पोळ्यावर अनेक थरांचा पडदा धरतात. गार वारा फक्त बाहेरच्या थराला लागतो. रात्री पडदा घट्ट होतो, ऊन चढले की सैलावतो.

या पडद्यातल्या बहुतेक माश्या नुसत्या लटकलेल्या असतात. तो आळस नव्हे, खरी बचत तिथेच आहे, कारण उडणाऱ्या माशीचा खर्च स्वस्थ माशीच्या कितीतरी पट असतो. एकत्र राहण्यातली अशी बचत मुंग्यांमध्येही दिसते. अमेरिकेतल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात, वसाहत जितकी मोठी तितका दर ग्रॅम वजनामागचा ऊर्जेचा खर्च कमी आढळला.

राखणही स्वस्तात होते. गांधीलमाशी जवळ आली की पडद्यातल्या माश्या पाठोपाठ पोट उचलतात आणि सेकंदाच्या आत पोळ्यावरून लाट सरकते. गांधीलमाशी बहुधा मागे फिरते, एकीलाही उडावे लागत नाही. फुलोरा सापडलेली माशी नाचून दिशा आणि अंतर सांगते, त्यामुळे बाकीच्यांची शोधाशोध वाचते.

पण हजारो तोंडे एका जागी म्हणजे आसपासचा मकरंद लवकर संपतो. जांभूळ, हिरड्याचा बहर ओसरला की आग्या माश्या पोळे सोडून दूर जातात. या प्रवासाची शिदोरी म्हणजे साठवलेला मध.

कड्याखाली कुणी शेकोटी पेटवली किंवा दगड भिरकावला, की हा सगळा हिशेब मोडतो. पडदा सुटतो, अळ्या उघड्या पडतात, डंख मारणाऱ्या बहुतेक माश्या जीव गमावतात, आणि माणसांच्याही जिवावर बेतते. गडावर जाल तेव्हा पोळ्याखाली धूर करू नका, आरडाओरडा न करता पुढे निघा.