उच्चार एक, कुळकथा वेगळ्या

उच्चार सारखा पण अर्थ वेगळा असलेल्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या आपल्याकडे शाळेत यादी करून पाठ करून घेतल्या जातात. 'मीट' म्हणजे भेटणे आणि 'मीट' म्हणजे मांस. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार. यादी परीक्षेपुरती लक्षात राहते, स्पेलिंगचा घोळ मात्र जन्मभर पुरतो आणि इंग्रजी मुळातच बेशिस्त भाषा आहे असा समज पक्का होतो. या जोड्या इतिहासाने घडवल्या आहेत आणि त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही शब्द वेगवेगळ्या घरांतून येऊन एका उच्चारात मिसळले, तर काही एकाच घरातून फुटून वेगळे झाले. कोणती जोडी कुठली, हे कळले की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

पहिल्या प्रकारात 'नाइट' येतो. सरदाराच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा 'के' आणि दोन्ही शब्दांतले 'जी-एच' आज मुके आहेत; हजार वर्षांपूर्वी ते बोलले जात. एक शब्द साधारण 'क्निख्त' असा ऐकू येई, दुसरा 'निख्त' असा. पहिल्याचा तेव्हाचा अर्थही 'पोरगा, सेवक' असा होता. सरदारकी त्याला पुढे मिळाली. दोन्ही 'मीट'मधले स्वरही पूर्वी वेगळे होते, म्हणून एकात दोन 'ई' आणि दुसऱ्यात 'ई-ए'. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. त्याच काळात, १४७६मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले, बोलणे मात्र बदलत राहिले. आज जे निरर्थक वाटते, ते बव्हंशी त्या जुन्या उच्चाराची नोंद आहे.

दुसऱ्या प्रकारात एकाच शब्दाची वाटणी झालेली दिसते. पीठ या अर्थाचा 'फ्लाअर' आणि फूल या अर्थाचा 'फ्लाअर' हे मुळात एकच. दळलेल्या धान्यातला सर्वांत उत्तम भाग म्हणजे त्याचे फूल, अशी ती कल्पना. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशातही दोन्ही अर्थांना एकच स्पेलिंग आहे. 'स्टेशनरी'चेही तसेच. एका जागी स्थिर असलेला तो एक 'स्टेशनरी', आणि वह्या-कागद हा दुसरा. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत. कायमचे दुकान थाटून बसणाऱ्या ग्रंथविक्रेत्याला 'स्टेशनर' म्हणत आणि त्याच्याकडचा माल तो 'स्टेशनरी'. विक्रेत्याच्या नावातला 'ई' मालाच्या नावातही राहिला, हे ध्यानात ठेवले की स्पेलिंग चुकत नाही.

मग उच्चाराप्रमाणे स्पेलिंग सुधारून हा गोंधळ कायमचा का मिटवू नये? पण उच्चार कोणाचा धरायचा? वडील या अर्थाचा 'फादर' आणि अधिक दूर या अर्थाचा 'फार्दर' लंडनकडे सारखेच ऐकू येतात. बहुतेक अमेरिकी लोक मात्र दुसऱ्यातला 'आर' स्पष्ट उच्चारतात. शिवाय वाचणाऱ्याला वेगळ्या स्पेलिंगचा आधार असतो. मराठीतही 'दिन' आणि 'दीन' यांत बोलताना फरक जेमतेम जाणवतो, कागदावर वेलांटीच अर्थ सांगते.

स्पेलिंग नेहमी खरे बोलत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेट या अर्थाच्या 'आयलंड'मधला 'एस' मुळात तिथला नव्हताच. लॅटिनमधून आलेल्या 'आइल' या वेगळ्या शब्दाशी नाते जोडून तो मागाहून घुसडला गेला. म्हणून केवळ अक्षरांवर विसंबू नये, शब्दकोशातली व्युत्पत्तीही वाचावी. त्यासाठी लॅटिन शिकावे लागत नाही. नोंदीतल्या दोन ओळी पुरतात. शिक्षकांनी यादीतल्या प्रत्येक जोडीबरोबर या दोन ओळी सांगितल्या, तर आज जे विद्यार्थी घोकतात ते त्यांना समजेल, आणि समजलेले सहसा विसरत नाही.