खडकीची युद्धसमाधिभूमि : नांव आणि देह

इतिहासप्रेमी मंडळी खडकीचें नांव काढतात तें बहुधा ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईसंबंधानें. त्याच खडकींत दुसऱ्या महायुद्धांतील सैनिकांची समाधिभूमि आहे. तिकडे मात्र फारसें कोणी फिरकत नाहीं. वस्तुतः शिलालेख वाचण्याची हौस असणारानें तेथें एक सकाळ अवश्य घालवावी. मीं गेलों तेव्हां माळ्याच्या कात्रीखेरीज आवाज नव्हता.

पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत ज्या कबरींची कायम निगा राखण्याची शाश्वती नव्हती, त्यांतील देह येथें आणले. एकूण कबरी १६६८. शिळेवर क्रमांक, हुद्दा, नांव, पथक, मृत्युदिन. कोठें आप्तांनीं घातलेली एखादी ओळ. हुद्द्यावरून शिळा लहानमोठी होत नाहीं. हें तत्त्व १९१७ सालीं स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधि मंडळाचें. १९६० पासून तें राष्ट्रकुलाच्या नांवानें चालतें. आपल्या वीरगळावर युद्ध, अप्सरा व शिवपूजा कोरलेलीं असतात, पण वीराचें नांव बहुधा नसतें. येथें पराक्रमाचें चित्र नाहीं, नांव तेवढें आहे. संस्कृतांत मृतास 'नामशेष' म्हणतात. मराठींत त्याच शब्दाचा अर्थ 'समूळ नाहींसा' असा होऊन बसला आहे, हें येथें उभें राहिल्यावर खटकतें.

आतां एक सावधगिरी. आवारांतील १९१४-१८ च्या स्मारकावर १८०० हून अधिक नांवें आहेत, पण त्यांपैकीं बहुतेकांचे देह येथें नाहींत. ते हिंदुस्थान व पाकिस्तानांतील जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत आहेत. अपवाद ६२९ जणांचा : त्यांचे अवशेष जून १९६२ मध्यें मुंबईच्या शिवडीहून आणून येथें पुरले. मीं प्रथम सर्वच नांवें कबरींचीं समजलों होतों.

दुसऱ्या महायुद्धांतील १९३ आफ्रिकी सैनिकांचीं नांवेंहि येथें आहेत. त्यांच्या कबरी सांपडत नाहींत वा राखतां येत नाहींत. त्यांना निदान नांव मिळालें. पहिल्या महायुद्धांतील ४५ ते ५४ हजार मृतांचें, मुख्यतः हिंदी व आफ्रिकी सैनिकांचें, स्मरण समान रीतीनें झालें नाहीं, आणि निदान १,१६,००० जणांचें नांवानिशीं झालेंच नाहीं, असें मंडळाच्याच २०२१ च्या अहवालांत कबूल केलें आहे. समतेचें तत्त्व थोर खरें, पण तें सर्वांना लागू केलें गेलें नव्हतें.

मराठा पलटणींतले नाईक यशवंत घाडगे, कोलाबा (आतांचा रायगड) जिल्ह्यांतले, १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. मरणोत्तर त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें नांव तेथून बरेंच दक्षिणेस, कॅसिनोच्या स्मारकावर कोरलें आहे.